अंगठा आपला, यादी गावाची



आपल्या वाड्यापाड्यांवर येणारा सरकारी माणूस बदलला आहे. पूर्वी गार्ड यायचा तो काठी घेऊन, तलाठी यायचा तो दप्तर घेऊन. आता येणाऱ्याच्या हातात मोबाईल असतो. आजी, अंगठा ठेवा. दादा, कॅमेऱ्याकडं बघा. ताई, ओटीपी सांगा. पाच मिनिटांत काम उरकतं आणि माणूस गाडीला किक मारून निघून जातो. त्यानं काय नेलं, कुणासाठी नेलं, ते कुठं ठेवणार, हे विचारायची आपल्याला सवय नाही. सांगायची त्यालाही नाही.

दुसरीकडं आपण प्रांत कचेरीत वनहक्क दाव्यांची यादी मागायला गेलो की नवं उत्तर ऐकू येऊ लागलं आहे : "ही लोकांची वैयक्तिक माहिती आहे, नवीन कायद्यानं देता येत नाही." म्हणजे आपली माहिती आपल्याला न विचारता बाहेर जाते, आणि आपल्या हक्काची माहिती आपलंच नाव पुढं करून अडवली जाते. हा उलटा कारभार समजून घेतला पाहिजे. त्यासाठी हा अग्रलेख.

आधी कायद्याचं नाव पाठ करू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. राष्ट्रपतींची सही ११ ऑगस्ट २०२३ ची. हा कायदा आकाशातून पडला नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं सांगितलं की खाजगीपण हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. तो वाद आधारवरूनच कोर्टात गेला होता. आणि देशातला पहिला आधार क्रमांक कुणाला दिला? २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, एका आदिवासी बाईला. प्रयोगाला आदिवासी पहिला, हक्काला शेवटचा. हे आपल्याला नवीन नाही.

कायद्यात चांगलं काय आहे? माहिती घेणाऱ्यानं आधी नोटीस द्यायची : कोणती माहिती, कशासाठी. संमती मोकळेपणानं दिलेली हवी, दबावाखाली नको. दिलेली संमती परत घेता येते. आपल्याबद्दल काय साठवलं आहे ते विचारता येतं, चुकलेलं नाव दुरुस्त करून मागता येतं. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

आता आपल्या बाजूनं त्यातली भोकं बघा.

पहिलं. अनुदान, लाभ, दाखला किंवा परवाना द्यायचा असेल तर सरकारला बऱ्याच ठिकाणी नव्यानं संमती मागावी लागत नाही. कलम ७ मध्ये तशी वाट ठेवली आहे. म्हणजे रेशन, पेन्शन, घरकुल, जातीचा दाखला. आपला सरकारशी संबंध येतो तो नेमका इथंच. नियमांनी सरकारवरही बंधन घातलं आहे : गरजेपुरतीच माहिती घ्या, काम संपेपर्यंतच ठेवा, नीट सांभाळा, कुणाला विचारायचं ते कळवा. पण हे बंधन पाळलं जातं का, हे बघणारा डोळा गावात हवा.

दुसरं. नोटीस इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मागता येते. त्यात मराठी आहे, संथाली आहे. कातकरी नाही, वारली नाही, भिली नाही, गोंडी नाही. वाचता न येणाऱ्या म्हातारीला पडद्यावरची नोटीस मराठीत दिली काय आणि इंग्रजीत दिली काय, सारखंच.

तिसरं. तक्रार ऐकणारं मंडळ ऑनलाईन चालणार. ज्याच्या हातात फोन नाही त्यानं तक्रार कुठं करायची? दंड झाला तर पैसा सरकारी तिजोरीत जातो. ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात या कायद्यानं दमडी येत नाही. उलट खोटी तक्रार केली असं ठरलं तर त्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड.

चौथं, आणि सगळ्यात जास्त बोचणारं. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. नोटीस, संमती, दुरुस्ती हे आपले हक्क अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होणार. पण माहिती अधिकार कायद्यातल्या कलम ८(१)(ञ) ला लावलेली कात्री १४ नोव्हेंबर २०२५ लाच चालू झाली. हक्क उधारीवर, अडवणूक रोखीनं.

या कलमात आधी काय होतं? सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खाजगी माहिती देऊ नये, पण जनहित मोठं असेल तर द्यावी. आणि जी माहिती विधानसभेला नाकारता येत नाही ती साध्या माणसालाही नाकारता येणार नाही, असं त्याला जोडलेलं होतं. आता हे सगळं काढून उरलं एवढंच : वैयक्तिक माहिती असेल तर देणार नाही. यादीत माणसाचं नाव असतंच. मग कोणतीही यादी वैयक्तिक म्हणून अडवायला कारकून मोकळा.

यादीनं काय होतं, असं काही जण विचारतील. यादीनंच सगळं होतं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं ज्यांचे वनहक्क दावे नाकारले त्यांना जंगलातून काढा असा आदेश दिला. देशभरातली लाखो कुटुंबं त्या एका कागदानं उघड्यावर येणार होती. २८ फेब्रुवारीला आदेश थांबला म्हणून आपण आज इथं आहोत. त्या वेळी कित्येक गावांत दावेदाराला आपला दावा नाकारला गेला आहे हेच माहीत नव्हतं. नाकारल्याचं कारण माणसाला समक्ष कळवायचं आणि अपिलाला ६० दिवस द्यायचे, असा नियम असताना. यादी कचेरीच्या कपाटात आणि घर जंगलात, अशी ती गोष्ट होती. यादी झाकली की बेदखली सोपी होते.

राजस्थानच्या मजूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. मजुरीचे हिशोब आणि नावं लोकांपुढं मोठ्यानं वाचली. ज्यांनी कधी काम केलं नव्हतं त्यांच्या नावावर पैसे निघाले होते. नावं वाचली म्हणून चोरी सापडली. माहितीचा अधिकार अशा सभांतून जन्माला आला. नावं झाकून हिशोब तपासता येत नाही.

मग आपली भूमिका काय? सगळं उघडं करा? नाही. आपल्यातलेही काही साथी म्हणतात की माझं आजारपण, माझं बँक खातं, माझा अंगठा चावडीवर कशाला? त्यांचं बरोबर आहे. म्हणून फरक नीट धरू. सरकारनं कुणाला किती जमीन मंजूर केली, किती नाकारली, का नाकारली, घरकुल कुणाला दिलं, रोजगार हमीचा पैसा कुणाच्या नावावर पडला, हा गावाचा हिशोब आहे. तो सभेत मोठ्यानं वाचायचा. आधार क्रमांक, खातं, बोटांचे ठसे, दवाखान्याचे कागद, पोरांचे फोटो हे त्या माणसाचं आहे. ते कुणी मागितलं तर आधी कारण सांगावं.

हा फरक कायद्यालाही मान्य आहे. जी माहिती दुसऱ्या कायद्यानं जाहीर करणं बंधनकारक आहे तिला डेटा कायदा लागू होत नाही, असं कलम ३ सांगतं. माहिती अधिकाराचं कलम ४ लाभार्थ्यांचा आणि सवलत, परवाना मिळालेल्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करायला सांगतं. आणि कलम ८(२) जिवंत आहे : जनहित मोठं असेल तर नाकारलेली माहितीही देता येते. "नवीन कायदा आला" म्हणणाऱ्या कारकुनाला ही तीन कलमं शांतपणे सांगायची.

आपल्या भागात हे जास्त का लागतं? शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावं पाचव्या अनुसूचीत आहेत, तिथं पेसा आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण तालुक्यांतल्या आपल्या वाड्यांना पेसाचं छत्र नाही. पण वनहक्क कायदा सगळीकडं आहे, आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेनंच करायची हे त्याचं कलम ६ आहे. आमचे कातकरी भाऊबहिणी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परततात. माती आणि विटांनी बोटांच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. सर्व्हे झाला तेव्हा माणूस भट्टीवर, ओटीपी आला तो मुकादमाच्या फोनवर. १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना फार्मर आयडी लागतो. पण पट्टा हातात असला तरी सातबाऱ्याच्या मालकी रकान्यात नाव नाही, मग मशीननं वनपट्टेधारकाला शेतकरी ओळखायचं कसं? लाडकी बहीणच्या ई-केवायसीला सप्टेंबर २०२५ पासून बाईसोबत नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागितला. एकट्या बाईनं काय करायचं? दावा मोजायला जीपीएस आणि उपग्रहाचा नकाशा आणतात. २०१२ ला सुधारलेले वनहक्क नियम स्पष्ट म्हणतात की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड आहे, त्याची जागा घेऊ शकत नाही. वडीलधाऱ्यांचा जबाब हाही पुरावाच आहे. मशीनला दिसलं नाही म्हणजे राब नव्हताच, असं होत नाही.

शहाडपासून दोन स्टेशनं पुढं टिटवाळा. तिथं जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडचे वारली तिथं आले आणि सावकार-जमीनदारांच्या वेठीविरुद्ध बोलले. त्याच वर्षी वारल्यांचा लढा पेटला. सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा आणि मजकूर नंतर लिहायचा. आजचा कागद काचेचा आहे, पण वर काय लिहिलं ते न वाचता अंगठा द्यायचा नाही, ही त्या लढ्याची शिकवण जुनी होत नाही.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेनं एक काम हाती घ्यावं. याला प्रकल्प म्हणा नाहीतर माहितीची राखण म्हणा. राखणीला दोन माणसं नेमा : एक बाई, एक फोन चालवणारा पोरगा किंवा पोरगी. मुदत मे २०२७. कामं पाच.

१. आवक वही. कोण आलं, कोणत्या खात्याचं, आदेशाचा क्रमांक काय, कोणतं ॲप, काय माहिती नेली, किती झेरॉक्स नेल्या. येणाऱ्याची सही. सही द्यायला तयार नसेल तर तसं लिहा.

२. अंगठ्याचा नियम. पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही. फोनवर कुणालाही ओटीपी नाही. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा : कशासाठी, कोणत्या तारखेला. बोटांचे ठसे लॉक करता येतात, माहिती १९४७ या नंबरवर मिळते.

३. दाव्यांचं रजिस्टर. दावा क्रमांक, मागितलेलं क्षेत्र, मिळालेलं क्षेत्र, निर्णय, कारण. वर्षातून दोनदा सभेत वाचन. एक वाचन भट्टीवरचे लोक परत आल्यावर, जूनमध्ये. या रजिस्टरमध्ये आधार किंवा खाते क्रमांक लिहायचा नाही.

४. माहितीचा अर्ज. गावातले किती दावे उपविभागीय समितीकडं आहेत, किती नाकारले, प्रत्येकाचं कारण काय. राज्याच्या नियमाप्रमाणं एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. अर्जात कलम ४ आणि ८(२) लिहायला विसरू नका. नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील.

५. स्वतःचं घर. संघटनेच्या पेटीत आणि कार्यकर्त्यांच्या फोनमध्येही लोकांचे कागद असतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणाच्या आधारचा फोटो टाकायचा नाही. काम झालं की मूळ कागद परत, फोनमधला फोटो पुसायचा. सरकारला जो नियम लावतो तोच संघटनेला.

यातल्या एकाही कामाला सरकारची परवानगी लागत नाही. लागते ती शंभर पानी वही आणि दर सभेला पाव तास. उद्या पुन्हा कुणी यादी घेऊन दारात आलं, तर आपल्याकडंही यादी असली पाहिजे, गावानं वाचलेली आणि सह्या केलेली.

शहाडच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक वाडीनं आपली वही सोबत आणावी. मुरबाड रस्त्यानं येणाऱ्यांनी आणि कसारा लोकलनं येणाऱ्यांनीही. चार पानं भरलेली असली तरी चालेल. कोरी नको.

जोहार. जिंदाबाद.