आधी तरंगा, मग निघा

लक्षद्वीपला जायचे असे आमच्या घरी ठरले, आणि त्या दिवसापासून प्रत्येकाने त्या बेटांचा आपापला नकाशा तयार केला. चिरंजीवांच्या नकाशात नुसते मासे. कन्येच्या नकाशात पांढरी वाळू आणि तिच्यावर काढायची छायाचित्रे. सौ.च्या नकाशात एकच प्रश्न: तिथे उपासाचे काय मिळते? आणि आमच्या आईच्या नकाशात, वय वर्षे ७४, ती स्वतः! तोंडाला काच बांधून, पाण्यावर पालथी पडून, खालचे प्रवाळ बघत असलेली.

"तू काचेच्या तळाच्या होडीतून बघ," असे मी तिला सुचवून पाहिले.

"अरे, माझे माहेर समुद्राकाठी. अंगणातून लाटा दिसायच्या. पण मुलीच्या जातीने पाण्यात उतरायचे नाही, असा दंडक. जन्मभर समुद्र वरूनच बघितला. आता एकदा आतून बघू दे."

यावर काय बोलणार? तेव्हा या प्रवासाचा सारा बेत आईला मध्यभागी ठेवून आखावा लागला, आणि वाचकहो, बेत आखायची हीच पद्धत उत्तम, असे माझे मत झाले आहे. घरातल्या सर्वांत कच्च्या गड्याला जे झेपते, ते बाकीच्यांना झेपतेच.

आधी ही बेटे आहेत कुठे आणि कशी, ते सांगतो. केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटर आत, अरबी समुद्रात. दहा बेटांवर वस्ती आहे. साऱ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी सुमारे ३२ चौरस किलोमीटर. पण प्रवाळाच्या कड्यांनी अडवलेले उथळ, हिरवेनिळे पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते मात्र सुमारे ४२०० चौरस किलोमीटर. बघायला जायचे ते हे पाणी. ज्वालामुखी हळूहळू बुडत जातो, त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहतो आणि शेवटी नुसते कडे उरते, हे डार्विनने १८४२ साली मांडले. आपल्याला अधिक जवळची गोष्ट अशी, की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्थानातून ६.६ कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा काळा पत्थर वर आला, त्याच स्थानाने लक्षद्वीपचा पाया घातला असे भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपण चाललो आहोत ते सह्याद्रीच्या धाकट्या भावंडाकडे! हे ऐकल्यावर सौ.चा परकेपणा बराच कमी झाला. उपासाचा प्रश्न मात्र राहिलाच. राजगिऱ्याचे लाडू इथूनच न्यायचे ठरले आहे.

आता दिवस कोणते निवडायचे? आपली मध्यमवर्गीय सुट्टी म्हणजे मे महिना, आणि तोच इथे निरुपयोगी. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पावसाळी समुद्र खवळलेला असतो. आम्ही नाताळची सुट्टी धरली. तरीही कोचीला दोन दिवस हातचे ठेवले आहेत, कारण समुद्राला आपल्या रजेचा अर्ज माहीत नसतो. २०१७ साली ओखी वादळाने या बेटांना झोडपले ते डिसेंबरातच. तिथीही बघावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे भरती मोठी, ओहोटी मोठी आणि पाण्याला ओढही अधिक. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी त्या मानाने शांत. नवशिक्याने भांगाचे दिवस धरावेत, आणि पाण्यात उतरावे ते भरतीच्या वेळी. ओहोटीला प्रवाळावर इतके थोडे पाणी उरते की पोट खरवडून निघते. अर्थात जहाजाचे वेळापत्रक पंचांग बघून निघत नाही. पण दोन फेऱ्यांतून एक निवडायची असेल तर पंचांग उपयोगी पडते.

बेटांवर प्रवेशासाठी परवाना लागतो. १९६७ च्या नियमांपासून ही पद्धत आहे, आणि परवाना हाती येईपर्यंत न परतीची तिकिटे काढू नयेत. मुंबईहून कोकण रेल्वेने कोची एका दिवसाहून थोडे अधिक. तिथून जहाजाने बेटानुसार चौदा ते अठरा तास. विमान अगत्तीला जाते, पण लहान. आणि समुद्र समुद्रमार्गेच गाठावा, असा आमच्या चिरंजीवांचा हट्ट.

खरी परीक्षा पुढे आहे. लगून उथळ, म्हणून मोठे जहाज बऱ्याच ठिकाणी बाहेरच थांबते, आणि उतारूंना भर समुद्रात लहान होडीत उतरावे लागते. होडी लाटेबरोबर खाली-वर होते. ती वर आली की खलाशी हात धरतात आणि म्हणतात, चला! त्या क्षणी पाऊल टाकायचे; विचार करीत थांबलात की होडी खाली गेलीच. साऱ्या प्रवासाचा जीव या एका पावलात आहे. बेटावर काही गंभीर झाले तर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते, हेही विसरून चालत नाही. डॉक्टरांनी आईचे हृदय, रक्तदाब, गुडघे तपासून होकार दिला, तोसुद्धा "घाई नको" असे तीनदा बजावून.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही मालवणला जाऊन आलो. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत आईला चढवले, उतरवले, पुन्हा चढवले. नावाडी हसत होते. तिसऱ्या खेपेला तिने माझा हात झिडकारला आणि नावाड्याचा धरला. "तुला लाट कळत नाही, त्याला कळते," म्हणाली. खरेच होते ते. किल्ल्याजवळच्या पाण्यातही प्रवाळ आहे. पोरे दोरीला धरून बघून आली आणि दोन दिवस दुसरे काही बोलली नाहीत.

मग नगरपालिकेचा तलाव. स्नॉर्केलिंगला उत्तम पोहता यावे लागते हा गैरसमज आहे. उत्तम तरंगता यावे लागते. पालथे पडायचे, तोंडातल्या नळीने सावकाश श्वास घ्यायचा, हातपाय झाडायचे नाहीत. नाकाने श्वास घ्यायची सवय मोडायला आठवडा जातो. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळतात. आईने ते सोवळ्याबाहेरचे ठरवून साबणाचा थेंब वापरला, तोही चालतो. चष्मा काचेच्या मुखवट्याखाली बसत नाही, तेव्हा नंबरची काच बसवून घ्यावी, नाहीतर खर्च करून धूसर निळे बघून याल. अंगाला क्रीम फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा बरा. काही क्रीमांतले रसायन प्रवाळाला बाधते. तरंगण्याचे जाकीट सर्वांनी घालायचे आहे, पोहण्याचे बिल्ले मिळवलेल्या कन्येनेसुद्धा.

हातपाय झाडायचे नाहीत, यावर मी इतका भर देतो त्याला कारण आहे. दमलेला माणूस नकळत पाय खाली टेकतो. खाली दगड दिसतो, पण तो दगड जिवंत आहे. असंख्य चिमुकल्या जिवांची ती वसाहत. गोल, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. हातभर उंचीच्या गड्ड्याला आईच्या निम्म्याहून अधिक आयुष्याएवढा काळ लागलेला असतो, आणि आपली एक टाच त्याला पुरते. त्यांना दुसरे दुखणे आहेच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद-दुसरा अंश अधिक तापून तसेच राहिले, की त्यांच्या अंगातले, त्यांना अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल निघून जाते, ते पांढरे पडतात आणि पुष्कळ मरतात. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली घडले. मधली सावरायची उसंत कमीच. मुलांना मी हे आधीच सांगून ठेवले आहे, म्हणजे चित्रातल्यासारखे रंगीबेरंगी बन दिसले नाही तर ती हिरमुसणार नाहीत. काही ठिकाणी मेलेला प्रवाळ दिसेल, काही ठिकाणी त्याच्यावरच नवे अंकुर. उचलून मात्र काहीही आणायचे नाही. मेलेला तुकडासुद्धा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो. शेजारच्या काकूंनी अंगठीसाठी पोवळे आणायला सांगितले आहे. ते लाल पोवळे बहुतेक भूमध्य समुद्राकडचे, त्याचा या बेटांशी संबंध नाही, हे त्यांना दोनदा समजावले. पटलेले दिसत नाही.

बेटांवरची वस्ती मुसलमान, साधी आणि मर्यादेने राहणारी. गावातून हिंडताना अंगभर कपडे हवेत. कचरा होईल असे जे काही नेऊ, ते परत आणायचे. पांढऱ्या वाळूबद्दल कन्येला एक गोष्ट सांगितली: पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि विष्ठेवाटे बारीक वाळू टाकतो, त्या किनाऱ्यातली बरीच वाळू त्याचीच. छायाचित्रांचा उत्साह दोन दिवस ओसरला होता. आता पुन्हा वाढला आहे.

आई सध्या तलावात दहा मिनिटे न हलता तरंगते. शिक्षक म्हणतात, समुद्रात पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातच थांबा, वाळूवर, प्रवाळापासून दूर. ते तिने कबूल केले आहे. परवान्याचे पाच अर्ज भरून झाले. आईच्या अर्जाला जोडायला चिरंजीवांनी तिचा मुखवटा लावलेला फोटो सुचवला. तो मी नामंजूर केला, तेव्हा ती जरा रागावली.