मदतनीसच कोसळला तर?

संगणकाला चुकीची आज्ञा दिली तर काय होतं? लिनक्सच्या काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, 'एलएस' लिहिलं की फायलींची यादी येते. पण बोट घसरून 'एलएसएस' झालं तर? उबुंटू लिनक्समध्ये अशा वेळी एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम धावून येतो. त्याचं नाव 'कमांड-नॉट-फाउंड'. "अशी आज्ञा नाही, तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का?" असं तो विचारतो.

सुटीत पिपरी मेघेला आमच्याकडे आलेल्या भाच्यासमोर हाच मदतनीस कोसळला!

"मामा, हे काय होऊन राहिलं? फॉरमॅट मारू का?" म्हणजे सगळं पुसून नव्यानं बसवायचं. संगणकात घरातले सारे फोटो होते अन् त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. (आळस माझाच, दुसरं काय!)

म्हटलं, "थांब. आधी बरोबर आज्ञा देऊन बघ." 'एलएस' चाललं. तारीख सांगणारी 'डेट' चालली. चुकीचा शब्द लिहिला की मात्र पडद्यावर इंग्रजीच्या बऱ्याच ओळी. पाहा बरं, इथंच अर्धं कोडं सुटलं! टर्मिनलमध्ये आपली आज्ञा 'बॅश' नावाचा प्रोग्रॅम वाचतो. ती सापडली तर तो काम उरकतो, नाही सापडली तरच मदतनिसाला हाक मारतो. तेव्हा संगणक धडधाकट होता, आजारी होता तो फक्त मदतनीस.

हा मदतनीस पायथॉन भाषेत लिहिलेला आहे. पायथॉनचा प्रोग्रॅम कोसळला की आधी शेवटची ओळ वाचायची, कारण तिथं असतं. इथं होतं, 'नो मॉड्यूल नेम्ड एपीटी_पीकेजी'. म्हणजे त्या नावाचा भाग सापडत नाही.

"काल काय केलंस रे?"

भाचा ओशाळला. शाळेच्या प्रकल्पासाठी त्यानं पायथॉन ३.९ बसवलं होतं, अन् 'पायथॉन३' म्हटलं की तेच चालू व्हावं अशी सोय केली होती. आमचं उबुंटू २०.०४, म्हणजे २०२० सालचं. त्याच्याबरोबर पायथॉन ३.८ येतं आणि तो हरवलेला भाग खास ३.८ साठी घडवलेला असतो. तो जागेवरच होता, पण ३.९ ला तो चालेना. कुलूप नवं, किल्ली जुनी!

आता जुनं पायथॉन काढून टाकावंसं वाटेल. मुळीच नको! उबुंटूची कितीतरी कामं त्यावर चालतात. आम्ही 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' ही आज्ञा वापरून 'पायथॉन३' हे नाव पुन्हा ३.८ ला दिलं. प्रकल्पापुरतं 'पायथॉन३.९' असं पूर्ण नाव लिहायचं ठरलं.

मग भाच्यानं मुद्दाम 'एलएसएस' लिहिलं. मदतनीस निमूटपणे उत्तर देऊ लागला.

अन् मी? त्याच संध्याकाळी सगळे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घेतले.