खर्ज बाजारात मिळत नाही

आमच्या तरुणांच्या बोलण्यात एक शब्द अलीकडे फार वारंवार येऊ लागला आहे. तो शब्द म्हणजे 'अपग्रेड'. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतच्या पट्ट्यात जिथे जिथे चार मुले जमून वाद्यवृंद उभा करतात, तिथे तिथे तो आमच्या कानी पडतो. लग्नसमारंभांत वाजवणारी मुले असोत, पवनेच्या काठी पर्यटकांच्या तंबूंपुढे शनिवारी रात्री गाणारी असोत, वा धर्मग्रामाच्या गायकवृंदाला साथ करणारी असोत. बेस गिटार हाती येऊन सहा महिने लोटले नाहीत तोच पुढच्या गिटारची बोलणी सुरू होतात. चार तारांची आहे, पाच तारांची हवी. पिकअप साधे आहे, बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटचे हवे. मग पेडल, मग दुसरे पेडल, मग ती सारी ठेवायला पाटी. या साऱ्या चर्चेत एकच विषय निघत नाही, तो म्हणजे वाजवण्याचा. आमचा आक्षेप नेमका इथे आहे आणि तो सौम्य करून सांगण्याची आमची इच्छा नाही.

बेस गिटार हे खर्जाचे वाद्य आहे, एवढे आधी ध्यानात घेतले पाहिजे. तिच्या सर्वांत जाड तारेची सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. पुढील तिन्ही तारांची अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८. आपल्या लोकांना खर्ज काही नवा नाही. तानपुऱ्याची चौथी तार खर्जाचीच. मावळातल्या कोणत्याही भजनी मंडळात जाऊन पाहावे. भजनाला प्रारंभ होण्यापूर्वी पखवाजवादक डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापतो, थाप मारून ऐकतो, चिमूटभर कणीक काढतो, पुन्हा ऐकतो. त्या कणकेचे मोल ते काय? मूठभर पीठ. परंतु ती किती लावावी हे सांगणारा कान घडायला वर्षे लागतात आणि तो कान कोणत्याही दुकानात मिळत नाही. भाजे लेण्यातील एका शिल्पात तालवाद्यांची जोडी वाजवणारी स्त्री कोरलेली आहे. जाड आणि बारीक नादाच्या संगतीचे मर्म या खोऱ्याला दोन हजार वर्षांपासून ठाऊक असावे.

या वाद्याचा स्वभावही ओळखला पाहिजे. श्रोता घरी जाताना गायकाची चाल गुणगुणतो. बेसची चाल क्वचितच कोणी गुणगुणते. पण बेस मध्येच थांबली की पायाखालची जमीन सरकल्यासारखे सर्वांनाच वाटते. ढोलवाल्याची लय आणि गायकाचा सूर यांची गाठ मारून देणे व स्वतः मागे उभे राहणे, हे बेसवादकाचे काम. ज्याला मिरवायचे आहे त्याने दुसरे वाद्य घ्यावे, आमची हरकत नाही. मागे उभे राहण्याचे वाद्य घेऊन त्याच्या झळाळीने पुढे येऊ पाहणे, ही विसंगती मात्र आम्हाला खटकते.

आता थोडे इतिहासाकडे वळू. पूर्वी वाद्यवृंदांत खर्ज सांभाळी तो उभा डबल बेस. माणसाहून उंच, वाहून नेण्यास अवघड, कर्ण्यांच्या गदारोळात बुडून जाणारा, आणि पडदे नसल्यामुळे सूर सर्वस्वी बोटांच्या अंदाजावर अवलंबून. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर या कारागिराने पडदे असलेली, गळ्यात अडकवता येणारी विजेची बेस बाजारात आणली. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून तिचे नाव ठेवले 'प्रिसिजन', म्हणजे अचूकता. घोडीपासून माथ्यापर्यंत तारेची लांबी ३४ इंच. सत्तर वर्षांहून अधिक काळ उलटला, तरी जगातल्या बहुसंख्य बेस गिटारींची लांबी तीच आहे आणि मूळ घडणही तीच. ज्याला आमचे तरुण 'अपग्रेड' म्हणतात तो बराचसा या घडणीच्या काठावरचा फेरफार होय.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात मोटाउन नावाची ध्वनिमुद्रिकांची कंपनी होती. तिच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांवर जेम्स जेमरसन यांनी बेस वाजवली. त्यांच्याजवळ १९६२ सालची साधी प्रिसिजन होती. तिच्यावर सपाट गुंडाळीच्या तारा होत्या, आणि तार तुटल्याखेरीज ते ती बदलत नसत. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने ते वाजवीत. कितीतरी वर्षे त्या तबकड्यांवर वादकांची नावेच छापली जात नव्हती. १९७१ सालच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर ती प्रथम आली. जेमरसन १९८३ साली वारले. जगभरचे बेसवादक आजही त्यांच्या चाली स्वर-स्वर उतरवून घेतात. एक गिटार, जुन्या तारा आणि एक बोट! आमच्या तरुणांनी आपल्या पेडलांच्या पाटीकडे पाहून या गोष्टीचा विचार करावा.

यावर आम्हाला उत्तर ठरलेले मिळते : "वाईट वाद्यावर चांगले संगीत कसे निघणार?" हा प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. ज्या गिटारच्या तारा पडद्यांपासून वाजवीपेक्षा उंच आहेत, ती नवशिक्याची बोटे सोलून काढते आणि मूल महिन्याभरात वाद्य सोडते. साध्या गिटारच्या छोट्या अँप्लिफायरला बेस जोडली तर आवाज फाटतो आणि स्पीकरही फाटू शकतो. माणसाचा कान खर्जाच्या बाबतीत मंद आहे, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली मोजून दाखवले. यास्तव बेसला मोठा स्पीकर आणि अधिक शक्ती लागतेच. ही गरज झाली. गरज आणि हौस ओळखण्याची आमची कसोटी सोपी आहे. आपल्या वाद्यातला कोणता दोष आपल्या कानाला ऐकू येतो, हे ज्याला नेमके सांगता येते, त्याने तो दूर करण्यासाठी खुशाल खर्च करावा. ज्याला तो सांगता येत नाही, केवळ 'आवाजात मजा नाही' एवढेच म्हणता येते, त्याने खिशाला हात घालू नये. तो दोष बहुधा बोटांत असतो.

आमच्या भागापुरते बोलायचे तर बहुतेक दोषांचे मूळ दुकानापेक्षा हवेत आहे. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी. या हवेत गिटारची लाकडी मान ओलावा शोषून फुगते आणि वाकते. उन्हाळ्यात कोरडी होऊन उलट बाजूला जाते. तारांची उंची बदलते, पडद्यांवर तार घासून खरखर येते. मुलाला वाटते, गिटार बिघडली. तो ती निम्म्या किमतीत विकतो आणि कर्ज काढून नवी आणतो. पुढच्या आषाढात नवीही तशीच वाकते! वस्तुतः मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. जाणत्या माणसाने एका लहान किल्लीने ती पाव फेरा फिरवली की बहुधा काम भागते. वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने पुसणे, गिटार ओलसर भिंतीला टेकवून न ठेवणे, पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकणे, हे उपाय काही रुपयांचे आहेत. ते कोणी शिकवत नाही, कारण त्यात कोणाचाच नफा नाही.

दुसरा दोष गुणगुणीचा. अँप्लिफायर लावताच 'हूं' असा सतत आवाज येतो. मुले पिकअप बदलतात, केबल बदलतात. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा. बेसच्या जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याचा सूर ४९ कंपनांचा. विजेची गुणगुण जवळजवळ त्याच सुरात येते आणि त्याला गिळून टाकते. पुष्कळदा उपाय असतो तो नीट अर्थिंग करून देणाऱ्या वायरमनकडे. येथे प्रश्न केवळ संगीताचा नाही. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभे राहून, अर्थिंग नसलेल्या यंत्राला जोडलेल्या तारा हाती धरून मुलाचा ओठ माइकला लागला, तर ते जिवावर बेतू शकते. ज्या सभागृहात लाखाची वाद्ये आहेत आणि धड अर्थिंग नाही, त्याच्या चालकांना आम्ही काय म्हणावे?

आणखी एक मौज पाहा. परदेशी गिटारींच्या मानेवर जी काळसर पट्टी असते, ती पुष्कळदा आपल्याच देशातील शिसवीची असते. लाकूड येथून जाते आणि 'तिकडची नादमाधुरी' म्हणून अनेक पट दामाने परत येते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात जे गोमंतकीय वादक नावारूपाला आले, त्यांची शिदोरी कोणती होती? अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही नावे आमच्या वाचकांना अपरिचित नाहीत. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात बेस वाजवणारे टोनी वाझ हेही याच परंपरेतले. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवले, आणि त्याच बळावर हे वादक मुंबईत उभे राहिले. त्या काळी सारा वाद्यवृंद एकाच वेळी वाजवून ध्वनिमुद्रण होई. एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून. १९९१ पूर्वीच्या परवान्यांच्या काळात परदेशी वाद्य मिळणे दुरापास्त होते. जे हाती असे तेच जपून वर्षानुवर्षे वाजवावे लागे. वाचता येणे आणि दुसऱ्याचे ऐकता येणे, ही त्यांची खरी सामग्री.

कोणी म्हणेल, चरणजित सिंग यांचे काय? ते तर नव्या यंत्रांचे शौकीन! खरे आहे. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार व बेस वाजवणाऱ्या या कलावंताने १९८२ साली रोलँड कंपनीची नवी यंत्रे घेऊन दहा रागांची तबकडी तयार केली. त्यातले टीबी-३०३ हे यंत्र बेसवादकाची जागा घेण्यासाठीच बनवले होते. त्या कामात ते फसले आणि कंपनीने १९८४ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबवले. चरणजित सिंगांनी मात्र त्याच्याकडून रागांच्या स्वरावली गाववून घेतल्या, आणि पुढे कित्येक वर्षांनी जगाने त्याची वाखाणणी केली. ते यंत्र त्यांच्या हाती आले तेव्हा त्या हातांमागे अनेक वर्षांचे वादन होते. तेच यंत्र इतर कित्येकांच्या घरी धूळ खात पडले. हा दाखला आमच्याच बाजूचा आहे.

तरुणांवर सारा दोष टाकून आम्ही मोकळे होणार नाही. वडीलधाऱ्यांची मंडळे याहून अधिक दोषी आहेत. वाद्यासाठी पैसे मागा, सभेत पाच मिनिटांत मंजूर होतात. वस्तू दिसते, तिच्यावर देणगीदाराचे नाव घालता येते. शिक्षकाच्या मानधनाचा विषय काढा, सभा पुढे ढकलली जाते. मग वर्षभरात ते वाद्य कपाटात गंजते. त्याच्या जागी येतो कीबोर्ड. एक बटण दाबले की ढोल, बेस, सारे आयते. ज्या मुलाने खर्ज शिकावा, त्याची जागा त्या बटणाने घेतली. गायकवृंदातही तेच. चार आवाजांच्या गायनात खालचा बास आवाज पुरुषांचा. तो शिकवणारे कोणी नाही, म्हणून पुरुष मागच्या ओळीत ओठ हलवीत उभे राहतात. बटणाने पोकळी भरली, ती माणसे मात्र गेली.

आमच्या मागण्या अगदी साध्या आहेत. मंडळाने वाद्यावर जितके रुपये खर्चावेत, तितकेच त्या वर्षी शिक्षकासाठी बाजूला काढावेत. ते नसतील तर वाद्यही घेऊ नये. नवशिक्याने पहिल्या गिटारवर दोन वर्षे काढल्याखेरीज दुसरीचे नाव घेऊ नये, आणि त्या दोन वर्षांत बेसचे स्वरलेखन वाचायला शिकावे. दुसरी घेतलीच, तर पहिली विकण्याऐवजी धाकट्या कोणाला वापरायला द्यावी. आणि महिन्यातून एकदा तरी शेजारच्या गावी भजनाला जाऊन त्या पखवाजवादकाची डावी पुडी ऐकत बसावे. तिथे प्रवेशमूल्य नाही.

आमच्या परिचयाचा एक तरुण तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहे. दर महिन्याला त्याच्या पगारातून पाच तारांच्या गिटारचा हप्ता कापला जातो. पाचवी तार अजून त्याला लागलेली नाही. मोकळ्या वेळात तो जादा पाळी करतो, कारण हप्ता चुकवून चालत नाही. वाजवायला वेळ उरत नाही. त्याची हौस आम्हाला प्रिय आहे आणि ती मरू नये म्हणूनच एवढे कठोर लिहिले. गिटार त्याने विकत घेतली, आता रोजचा अर्धा तास त्याला कोणी मिळवून देणार आहे काय? मंडळांनी आपल्या पुढच्या सभेत आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.