जुने ते जुने, नवे ते नवे : सांगून विका

मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीट हे जुन्या ग्रामोफोनचे नावाजलेले ठिकाण. परंतु १९३१ साली निघालेल्या एच.एम.व्ही. १०२ सारख्या पोर्टेबलची मोटर काढायची, नव्या लाकडी पेटीत बसवायची, वर चकचकीत पितळी भोंगा चढवायचा आणि ‘१९०५ चा माल’ म्हणून विकायचे, या प्रकाराने धंद्याची पत घसरते. परदेशी संग्राहकांनी अशा यंत्रांना ‘क्रॅपोफोन’ हे हिणकस नाव ठेवले आहे.

खरे मोल अस्सल भागांत आहे. अभ्रकाच्या चकतीचा साउंडबॉक्स, मूळ चावी, सुयांची पत्र्याची डबी यांचा गिऱ्हाईक वेगळा असतो. त्याच्याकडे यंत्र असते, एखादा भाग नसतो. चांगले पोर्टेबल मोडून नकली बनवणारा आपलेच भांडवल जाळतो.

कारागिरांनीही दुरुस्ती लपवू नये. साउंडबॉक्समधील कडक झालेले रबर बदलणे, तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी नवी बसवणे, तडकलेला जस्तमिश्र भाग पितळेत घडवणे ही विद्या आहे. तिची मजुरी उघडपणे मागावी. हाताने घडवलेला सुबक भोंगा नवा म्हणूनही विकता येतो.

आमची सूचना साधी आहे. पावतीवर तीन रकाने असावेत : मूळ भाग, दुरुस्त भाग, नवा भाग. गिऱ्हाईक घासाघीस करील, दोन पैसे कमी देईल, पण पुन्हा येईल. फसलेला गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या चौघांनाही आपल्या दुकानाची पायरी चढू देत नाही.