पौषातील पहाट
पौषात केडगावची पहाट बोचरी असते. पारा कधी 10 अंशांखाली उतरतो. भीमेच्या खोऱ्यातील ओल्या उसाच्या फडांवरून धुके रस्त्यावर येते. पुण्याची गाडी गाठण्यासाठी वाड्यावस्त्यांवरून सायकलीने निघालेल्यांना वारा पडलेला असला तरी वेगाचाच वारा झोंबतो. जाणते लोक स्वेटरच्या आत, छातीवर, वर्तमानपत्राची घडी ठेवतात. बिनपैशाचा हा उपाय खरोखर गुणकारी आहे. छाती सांभाळली जाते. बोटे मात्र बधिर होतात आणि ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. त्यातच पुढे उसाची ट्रॉली, तीही मागे दिवा नसलेली! अशा वेळी हातमोजे ही चैन नव्हे. चौफुल्याकडून स्थानकाकडे निघणाऱ्या मुलाला, गाडी चुकली तर चुकू दे, असे आईने आदल्या रात्रीच सांगून ठेवावे.