राखाडी ठिपक्याचं म्हणणं

कन्सोल डॉट लॉग हा आपला राष्ट्रीय डीबगर झालाय असं म्हटलं, तर कुणाला राग येईल असं वाटत नाही. आत्ता या क्षणी आपल्यापैकी निम्म्यांच्या कोडमध्ये "इथे आलो", "इथे आलो २" आणि "आता तरी ये बाबा" अशा ओळी सुखाने नांदत असतील. नांदोत बापड्या. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही, त्यांच्यामागे जी हार मानलेली असते तिच्यावर आहे. जरा खोदून विचारलं की कळतं, गड्याने कधीतरी व्हीएस कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावलेला असतो, एफ५ दाबलेलं असतं आणि तो लालचुटुक ठिपका डोळ्यांदेखत राखाडी, पोकळ झालेला असतो. माऊस नेला की अक्षरं दिसतात, "अनबाउंड ब्रेकपॉइंट". खेळ खलास. त्या दिवसापासून "आपल्या प्रोजेक्टवर डीबगर चालत नाही" हे टीमचं ठरलेलं सत्य.

आता गंमत बघा. ब्रेकपॉइंट हा शब्द एनिॲक या संगणकाच्या काळातला, म्हणजे १९४० च्या दशकातला. तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात खोचलेल्या वायरी. थांबवायचं तर त्या जागची वायर उपसायची. ही कल्पना बेट्टी होल्बर्टन या प्रोग्रॅमर बाईंची असं सांगतात. तिथे "ब्रेकपॉइंट लागला नाही" ही तक्रार शक्यच नव्हती, कारण जी वायर हातात तीच चालणारी वायर. आपलं तसं नाही. आपण टाइपस्क्रिप्ट लिहितो आणि ब्राउझर चालवतो ते भलतंच काहीतरी.

रीडेव्हलपमेंटला गेलेली सोसायटी डोळ्यांसमोर आणा. जुना फ्लॅट नंबर १२ आता टॉवरमध्ये ७०३ झालाय. पत्रावर पत्ता जुनाच. वॉचमनकडे जुन्या-नव्या नंबरांची यादी असेल तरच पत्र पोचणार. ही यादी म्हणजे सोर्स मॅप. (तिचा फॉरमॅट वर्षानुवर्षं नुसत्या सामंजस्यावर चालला होता, अधिकृत एक्मा स्टँडर्ड व्हायला २०२४ साल उजाडलं!) राखाडी ठिपका एवढंच सांगतोय, की तुम्ही दिलेला पत्ता मला ब्राउझरमध्ये सापडला नाही. त्यात खोटं काही नाही. आपणच त्याला पुढचा प्रश्न विचारत नाही.

मला सगळ्यात जास्त वेळा भेटलेलं दुखणं अगदी साधं आहे. रेपोच्या मुळाशी "फ्रंटएंड" आणि "बॅकएंड" असे दोन फोल्डर, आणि एडिटरमध्ये उघडलेला असतो तो सगळा रेपो. लाँच डॉट जेसनमध्ये वेबरूट दिलेला नसला तर तो उघडलेला फोल्डरच धरला जातो. व्हीट ब्राउझरला फाइल देतो ती "एसआरसी" पासून सुरू होणाऱ्या पत्त्यावर. डीबगर बिचारा रेपोच्या मुळाशी एसआरसी शोधतो, ते तिथे नाहीच, ते फ्रंटएंडच्या पोटात! यादी बरोबर, वॉचमन बरोबर, उभा मात्र शेजारच्या सोसायटीच्या गेटवर. वेबरूटच्या शेवटी एक "फ्रंटएंड" जोडा, ठिपका लाल.

हे ओळखायचं कसं? संशयित ओळीच्या वर सरळ "डीबगर" हे स्टेटमेंट लिहा. त्याला पत्त्याची गरज नाही, तो कोडमध्येच बसलेला असतो, त्यामुळे ती ओळ चालली तर थांबणारच. थांबल्यावर कुठली फाइल उघडली ते बघा. तुमचीच उघडली तर पत्ता ठीक आहे. हुबेहूब तशीच दिसणारी, पण एडिट न होणारी प्रत उघडली तर पत्त्याचा घोळ. आणि थांबलाच नाही, तर ती ओळ चालतच नाहीये. मग प्रश्न ब्रेकपॉइंटचा नाही, लॉजिकचा किंवा जुन्या बिल्डचा आहे. याहून खोलात जायचं तर कमांड पॅलेटमध्ये "डायग्नोज ब्रेकपॉइंट प्रॉब्लेम्स" आहे. ब्राउझरने कुठल्या फाइली लोड केल्या आणि त्यांचा डिस्कवरचा पत्ता काय लावला गेला, सगळं दाखवतं.

आणखी एक छुपा चोर म्हणजे पोर्ट. व्हीटला ५१७३ मोकळा मिळाला नाही तर तो गुपचूप ५१७४ वर जातो. लाँच डॉट जेसन उघडतं ५१७३, जिथे सकाळी सुरू करून विसरलेला दुसऱ्या ब्रँचचा सर्व्हर अजून श्वास घेतोय. पान दिसतं, बटणं चालतात, ओळी मात्र जुळत नाहीत. "स्ट्रिक्टपोर्ट" चालू ठेवा, म्हणजे तो निदान मोठ्याने रडेल. आणि चालू क्रोमला अटॅच करणाऱ्यांनो, २०२५ मधल्या क्रोम १३६ पासून नेहमीच्या प्रोफाइलवर रिमोट डीबगिंग पोर्टचा फ्लॅग चालत नाही. वेगळी यूझर डेटा डिरेक्टरी द्यावी लागते. सुरक्षेसाठी केलंय, योग्यच केलंय.

तर हे सगळं पाच-दहा मिनिटांचं काम आहे, मग दर टीममध्ये प्रत्येक जण ते नव्याने का भोगतो? कारण ते कुणाच्या मालकीचं नसतं. व्हीटचं तयार टेम्प्लेट घेतलं तर त्याच्या गिटइग्नोरमध्ये डॉट व्हीएसकोड फोल्डर आधीच टाकलेला असतो, एक्स्टेंशन्सची फाइल तेवढी वगळून. म्हणजे एकाने खपून बसवलेलं लाँच डॉट जेसन त्याच्याच लॅपटॉपवर राहतं, आणि तो नोकरी बदलतो तेव्हा त्याच्याबरोबरच जातं. लिंटरच्या नियमांवर दोन-दोन तास मीटिंगा करणारे आपण, यावर मात्र अवाक्षर नाही!

याची किंमत सिनियर भरत नाहीत, त्यांना कोड पाठ असतो. ती भरते परवा जॉइन झालेली फ्रेशर. कॉल स्टॅक समोर असेल तर हे फंक्शन कुणी बोलावलं, कुठली व्हॅल्यू घेऊन आलं, हे तिचं तिला दिसतं. नसेल तर दर अर्ध्या तासाने कुणाच्या तरी खुर्चीमागे जाऊन "एक मिनिट आहे का?" म्हणत उभं राहायचं, आणि तिसऱ्या दिवसापासून विचारायचीही लाज वाटायला लागते.

"एडिटर ही ज्याची त्याची आवड" हा युक्तिवाद मला माहीत आहे. मान्य. थीम, फॉन्ट, व्हिमचं वेड ज्याचं त्याने घरी ठेवावं. पण कुठला पोर्ट, कुठला फोल्डर, सोर्स मॅप कुठे, ही माहिती प्रोजेक्टची आहे, माणसाची नाही. गिटइग्नोरमध्ये लाँच डॉट जेसनसाठीही अपवादाची एक ओळ घाला. रिव्ह्यूमध्ये कुणी विचारलंच "ही एडिटरची फाइल इथे कशाला?", तर त्याला ती ब्रँच ओढून एकदा एफ५ दाबायला सांगा.