कपात किती, पोटात किती?

‘माचामध्ये ग्रीन टीपेक्षा १३७ पट जास्त अँटिऑक्सिडंट्स!’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असणारच. रीलमध्ये, कॅफेच्या मेन्यूकार्डवर, नाहीतर महागडा हिरवागार ग्लास हातात धरलेल्या मैत्रिणीच्या स्टोरीवर. हा १३७ आला कुठून, ते मात्र फारसं कुणी विचारत नाही. तो खोटा नाही बरं का. २००३ मधल्या एका अमेरिकन शोधनिबंधात तो आहे. फक्त तिथे माचाची तुलना ‘चायना ग्रीन टिप्स’ नावाच्या एकाच चहाशी केली होती. आणि त्याच वाक्यात पुढे असंही लिहिलंय, की इतर ग्रीन टीसाठी तोवर नोंदल्या गेलेल्या सगळ्यात मोठ्या आकड्याशी ताडून पाहिलं तर माचा किमान तिप्पट भरतो. तिप्पट म्हणजेही काही कमी नाही. पण तिप्पटवर रील चालत नाही, १३७ वर चालते.

सध्या चहाच्या बाजारात हीच शर्यत आहे: एका कपात जास्तीत जास्त अँटिऑक्सिडंट कोण देतो? माझं म्हणणं असं, की या शर्यतीत मोजपट्टीच चुकीच्या जागी लावलीय. आणि त्या नादात आपल्या वयाच्या मुलींच्या खऱ्या प्रश्नाकडे कुणाचं लक्ष जात नाहीये. पण आधी थोडं विज्ञान, कारण ते खरंच भारी आहे.

काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग, कुठलाही चहा घ्या; झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याच्या पानात कॅटेचिन नावाची संयुगं असतात. त्यातलं सगळ्यात गाजलेलं ईजीसीजी. पान खुडून चुरडलं, की पानातलंच एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने कामाला लागतं. सफरचंद कापून ठेवलं की तपकिरी पडतं ना, तसंच. कॅटेचिनचं थिअफ्लेविन आणि थिअरुबिजिन होतं आणि आपल्याला हवा तो लालसर रंग आणि कडकपणा येतो. ग्रीन टी करताना पान आधीच वाफवून किंवा कढईत परतून त्या एन्झाइमचा खेळ थांबवतात, म्हणून कॅटेचिन जसंच्या तसं राहतं. म्हणजे कपातला आकडा वाढवायचा तर उत्पादकाकडे मोजके रस्ते आहेत. झाडाची जात बदला, कोवळी पानं खुडा, एन्झाइमला लवकर आवरा, पान बारीक करा, किंवा सरळ बाहेरून अर्क ओता.

पहिला रस्ता मला सगळ्यात आवडतो, कारण तो चिकाटीचा आहे. केनियातल्या चहा संशोधन संस्थेने वर्षानुवर्षं खपून २०११ मध्ये ‘टीआरएफके ३०६’ ही जात शेतकऱ्यांपर्यंत पोचवली. हिची पानं चक्क जांभळट. जांभळाला आणि लाल कोबीला रंग देणारं अँथोसायनिन त्यांत असतं, त्यामुळे नेहमीच्या कॅटेचिनबरोबर हा वेगळा अँटिऑक्सिडंटही कपात उतरतो.

माचाची गंमत वेगळी. त्यासाठीची झाडं खुडणीआधी काही आठवडे सावलीत ठेवतात. सावलीमुळे चवीला गोडवा देणारं थिअनिन वाढतं, पण कॅटेचिन उलट कमी होतं! तरीही माचा जिंकतो, कारण आपण पानाचं पाणी पीत नाही, अख्खं पान दळून पितो. आपली सीटीसी पावडर हे बारीक करण्याचंच दुसरं टोक. १९३० च्या दशकात आसाममध्ये आलेल्या या पद्धतीने पानाचे बारीक दाणे झाले, ते झटपट उतरायला लागले आणि टपरीवरच्या कटिंगचा पाया पक्का झाला.

उरला तो अर्काचा रस्ता. सगळ्यात सोपा आणि जरा सांभाळून जायचा. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं, की पूरक गोळ्यांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेतलं तर यकृताला इजा होत असल्याच्या खुणा रक्तात दिसतात. साध्या ग्रीन टीला त्यांनी सर्वसाधारणपणे सुरक्षितच म्हटलं. म्हणजे ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे गणित इथे लागू होत नाही.

बाटलीबंद ‘टी ड्रिंक’ची कथा तर याच्या अगदी उलटी. २०१० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बैठकीत काही बाटल्यांची तपासणी मांडली गेली. त्यातल्या काहींमध्ये पॉलिफिनॉल इतकं कमी होतं, की घरच्या एका कपाची बरोबरी करायला वीस बाटल्या लागल्या असत्या. वीस बाटल्यांबरोबर साखर किती, तो हिशोब तुम्हीच करा.

या लेखासाठी मी एका सुपरमार्केटच्या चहाच्या रॅकसमोर बराच वेळ उभी राहून पाकिटं उलटीपालटी करून वाचली. (तिथला दादा दोनदा येऊन ‘काय शोधताय मॅडम?’ विचारून गेला.) ‘रिच इन अँटिऑक्सिडंट्स’ समोर ठळक अक्षरात. पण एका कपात नेमके किती मिलिग्रॅम, किती गरम पाण्यात, किती मिनिटं ठेवल्यावर? मी पाहिलेल्या एकाही पाकिटावर नव्हतं. आणि समजा असतं, तरी तुम्ही ते कशाशी ताडणार? व्हिटॅमिन सी रोज किती हवं ते ठरलेलं आहे, कॅटेचिनचं तसं काही ठरलेलंच नाही. नेमक्या याच कारणासाठी २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने लिप्टनच्या उत्पादकाला लेबलवरच्या अँटिऑक्सिडंटच्या दाव्यांवरून इशारापत्र धाडलं होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर २०१२ मध्ये पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली प्रसिद्ध यादीच वेबसाइटवरून काढून टाकली. परीक्षानळीतल्या आकड्यांचा शरीरावरच्या परिणामाशी संबंध लागत नाही आणि कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरतात, हे त्यांचं कारण.

परीक्षानळी आणि पोट यांत फरक आहे, मुद्दा इथेच आहे. कपातलं बरंचसं कॅटेचिन आतड्यात टिकतच नाही, रक्तात पोचतो तो थोडासा भाग. २००७ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात प्रयोगशाळेतल्या कृत्रिम पचनात दिसलं, की लिंबाचा रस घातला तर कॅटेचिन कितीतरी जास्त टिकतं. एका लिंबाने जे होतं, त्यासाठी ‘प्रीमियम’ डबा कशाला? दुधाचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. तिथे भांडण मिटलेलं नाही. २००७ मध्येच बर्लिनमध्ये सोळा महिलांवर झालेल्या अभ्यासात काळ्या चहाने रक्तवाहिन्या सैलावल्या आणि दूध घातल्यावर तो फायदा गेला. त्याआधीच्या एका अभ्यासात मात्र दुधाने कॅटेचिनच्या शोषणात फरक पडला नव्हता. त्यामुळे घरच्यांच्या आल्याच्या चहाला नावं ठेवू नका. साखर मात्र बघा. कपाला दोन चमचे धरले तर चार कपांत बत्तीस ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना साधारण पंचवीस ग्रॅमच्या आत राहणं उत्तम म्हणते, तेही दिवसभराचं सगळं मिळून.

आता तो खरा प्रश्न. ज्या पॉलिफिनॉलचं आपण कौतुक करतोय, तेच पॉलिफिनॉल अन्नातल्या लोहाला धरून ठेवतं आणि शरीरात जाऊ देत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्रेडच्या जेवणासोबत काळा चहा घेतल्यावर लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. दूध घातलं तरी फारसा फरक पडला नाही. हे विशेषकरून डाळी, भाज्या, धान्यातल्या लोहाला लागू आहे, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या डब्याला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय महिला रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. शाळेत आठवड्याला मिळायची ती निळी लोहाची गोळी आठवते? ती देण्यासाठी सरकार खर्च करतं, आणि आपण गोळीवर किंवा नाश्त्यावर लगेच चहा ओततो.

कपात अँटिऑक्सिडंट दुप्पट करणारं उत्पादन आलं, तर नाश्त्यासोबत ते पिणाऱ्या मुलीसाठी हे अडसरसुद्धा वाढणारच ना? जाहिरातीत हे कधी ऐकलंय? हिमोग्लोबिन नऊवर असलेल्या मुलीला कुणीतरी ‘डिटॉक्स’ म्हणून दिवसाला पाच कप ग्रीन टी सुचवतं, तीही पोटभर न जेवता पिते, आणि धाप लागली की ‘स्टॅमिना नाही’ म्हणून गप्प बसते. मला राग येतो तो याचा.

उपाय चहा सोडणं नाही. (सोडा म्हटलं तर हा लेख तुम्ही इथेच टाकाल, आणि मीही सोडणार नाहीये.) आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत साधं सांगितलंय: जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी नको. ब्रिटनमधल्या एका प्रयोगातही खाणं आणि चहा यांत तासाचं अंतर ठेवल्यावर लोहाचं नुकसान कमी झालेलं दिसलं. म्हणजे पोह्यांवर लिंबू पिळा, त्यातलं व्हिटॅमिन सी लोहाला मदत करतं, आणि चहा दहाच्या लेक्चरनंतर घ्या. अडचण एवढीच, की आपल्याकडे ‘चहा-पोहे’ हा जोडशब्द आहे आणि हॉस्टेलच्या मेसमध्ये दोन्ही एकाच काउंटरवर, एकाच वेळी मिळतात. साडेनऊला काउंटर बंद.

म्हणून चहा कंपन्यांकडे माझी मागणी ‘अजून जास्त’ची नाही. समोर ‘रिच’ लिहायचं असेल तर मागे कपामागे मिलिग्रॅम लिहा, आणि त्याच आकाराच्या अक्षरात ‘जेवणासोबत घेऊ नका’ हेही. आणि मेस कमिटीत तुमच्यापैकी कुणी असेल, तर पुढच्या मीटिंगला एवढंच मांडा: नाश्ता आठला, चहाचा थर्मास साडेनऊपासून अकरापर्यंत बाहेर.